लिहायला पोरं, बसायला मोठी

(मे २०१० च्या वार्षिक मेळाव्यात युवा शिबिराच्या मुलामुलींच्या वतीनं वाचून दाखवलेलं भाषण. बऱ्याच साथींनी लेखी मागितलं म्हणून या अंकात जसंच्या तसं देत आहोत. – बुलेटिन गट)



हे भाषण आम्ही पाच जणांनी मिळून लिहिलंय. वाचतेय एकटी, पण बोलणं सगळ्यांचं हाय. म्हणून मध्येच "ही पोरगी कोणत्या पाड्याची, कुणाची?" असं विचारत बसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग विचारा.

आम्ही म्हणजे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संघटनेचं युवा शिबिर भरतं त्यातली पोरं. चौदा ते सतरा वर्षांची. कुणी आश्रमशाळेत, कुणी तालुक्याच्या होस्टेलला, कुणी दहावीला बसून निकालाची वाट बघतंय, आणि दोघंजण शाळा सोडून भट्टीवर जाणारे. त्या दोघांना शिबिरात घ्यायचं की नाही यावर पहिल्या वर्षी वाद झाला होता. बरं झालं घेतलं. मोजणीत तेच सगळ्यात पुढं निघाले.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले. तेव्हा आमच्यातले बरेचजण सहावी-सातवीत होते. तुम्ही लोक गावोगाव सभा घेत होता, वनहक्क समिती निवडत होता, आणि आम्ही मागं गोट्या खेळत होतो. मग दाव्याचे फॉर्म आले. फॉर्म आले आणि आमच्या गोट्या बंद झाल्या. "पोरा, इकडं ये, वाच काय लिहिलंय." "पोरी, तुझं अक्षर बरं हाय, भर." एका संध्याकाळी चार-चार फॉर्म. त्या फॉर्मात कुटुंबातल्या माणसांची नावं आणि वय लिहायचा रकाना असतो. तिथं आमचीच नावं आम्ही आमच्या हातानं लिहिली. लिहिताना काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, की दाव्यात आमचं नाव हाय, अक्षर आमचं हाय, आणि बैठक बसली की "पोरांनो, जरा बाहेर खेळा."

त्याच्यावर पुढं येऊ. आधी काम काय केलं ते सांगतो, कारण काहीजणांना वाटतं शिबिर म्हणजे गाणी आणि खिचडी. गाणी होती. खिचडीही होती, तिच्यात एकदा मीठ दोनदा पडलं.

मोजणी आम्ही दोरीनं शिकलो. ३३ फुटांची दोरी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे तुम्हाला माहीत हाय. पण आपल्या वरकसाचे तुकडे काही पाटीसारखे चौकोनी नसतात. एक बाजू ओहोळानं खाल्लेली, एक बाजू खडकाला अडलेली. तेव्हा तुकड्याचे त्रिकोण पाडायचे. पाया मोजायचा, त्याला काटकोनात उंची मोजायची, गुणायचं आणि निम्मं करायचं. पाया दोन दोऱ्या, उंची तीन दोऱ्या, तर तीन गुंठे. आमच्यातला एकजण नववीत भूमितीत नापास झाला होता. तो आता डोळ्यानं बघून सांगतो इथं किती त्रिकोण पडतील, आणि फार चुकत नाही. शाळेत फळ्यावर त्रिकोण होता तेव्हा त्याला त्यात नागली उगवते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता चूक. ती आम्हीच सांगायची असं ठरवलंय, म्हणजे मागून कुजबुज नको.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही उतारावर दोरी जमिनीला टेकवून मोजलं. डोंगराच्या उतारावर दोरी टेकवली की लांबी जास्त भरते. दोरी आडवी, पाण्यासारखी सपाट धरायला पाहिजे. खालच्यानं हात वर उचलायचा, वरच्यानं जमिनीशी धरायची, आणि उतार फार असेल तर अर्धी-अर्धी दोरी टाकत उतरायचं. हे आम्हाला अकरा प्लॉट मोजून झाल्यावर कळलं. अकराही प्लॉट जास्त भरले होते. सरकारी माणूस जीपीएसचं यंत्र घेऊन आला असता तर त्याचा आकडा कमी आणि आमचा जास्त. मग तोंडावर ऐकवलं असतं की बघा, आदिवासी खोटं क्षेत्र लावतात. आम्ही अकराच्या अकरा पुन्हा मोजले, एप्रिलच्या उन्हात. ज्यांचे प्लॉट कमी झाले त्यातल्या एका काकांनी आमच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. काका इथं बसलेत. काका, यंत्राचा आकडा आमच्या दुसऱ्या आकड्याला लागून आला, हे तरी कबूल करा.

यंत्रही काही देव नाही, हेही आम्ही शिकलो. दाट झाडीखाली, कड्याच्या पोटाशी ते यंत्र हललं नाही तरी आकडा हलतो. मोठ्या शेताला काही मीटर इकडं-तिकडं चालतात. पण ज्याचा सगळा तुकडाच दहा गुंठ्यांचा, त्याचा बांधच गिळला जातो. म्हणून यंत्रवाला आला की दोरीचा कच्चा नकाशा हातात घेऊन आपल्यातलं कुणीतरी त्याच्यासोबत बांधाबांधानं चाललं पाहिजे. घरी चहा करत बसायचं नाही.

मोजणीपेक्षा आम्हाला आवडलं ते जबाब लिहिणं. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी हाय. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. बांध, ताली, घर हेही पुरावे. पण एक पुरावा पुरत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. हे वाक्य आम्ही शिबिराच्या कुडावर कोळशानं लिहून ठेवलं होतं. पुढं जे घडलं त्यात ह्या वाक्याचं फार महत्त्व हाय, म्हणून लक्षात ठेवा.

जबाबात साल विचारावं लागतं. कायदा म्हणतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जा पाहिजे. आता एखाद्या आजीला "२००५ च्या आधी की नंतर?" विचारलं तर ती म्हणते, "मला काय साल माहीत, बाय." आम्ही अडलो. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "तो मोठा पाऊस पडला, मुंबई बुडाली, आपल्याकडं पूल गेला, त्या पावसाआधी इथं नांगर होता का?" आजी लगेच म्हणाली, "त्या पावसानं तर ह्याच शेताची ताल फोडली. तुझ्या आज्यानं पुन्हा बांधली." तो पाऊस २६ जुलै २००५ चा. झालं. ताल फुटली तेव्हा शेत होतं, आणि ती ताल आजही तिथं उभी हाय. जबाब पण मिळाला आणि दाखवायला बांध पण. त्याहून मागं जायचं तर ७२ चा दुष्काळ विचारायचा. दुष्काळात खडी फोडायला गेल्याचं आठवतं, मग तेव्हा शेत कोण बघत होतं तेही आठवतं.

हे जबाब लिहिताना आम्हाला आमची माणसं कळली. आम्ही शाळेत इतिहास शिकतो, त्यात शिवाजी महाराज, टिळक, गांधी येतात. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी शहीद झाले, हे आमच्या वर्गात कुणी सांगितलं नाही. गोदूताई परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही शिबिरात पहिल्यांदा हातात धरलं. एक प्रत, बावीस पोरं, रात्री कंदिलापाशी एकानं वाचायचं. वेठबिगार आणि लग्नगडी हे शब्द वाचले तेव्हा एकजण म्हणाला, माझा पणजा लग्नगडी होता, घरात बोलतात. मग बराच वेळ कुणी पान उलटलं नाही.

तुम्ही नेहमी म्हणता, "तुम्हाला काय माहीत लढा काय असतो." खरं हाय, आम्ही मार खाल्लेला नाही. पण सांगितल्याशिवाय माहीत कसं होणार?

आता आमच्या मनातलं.

शिबिरात एका रात्री ताईंनी सगळ्यांना विचारलं, पुढं काय व्हायचंय? एकेकानं सांगितलं. नर्स. मास्तर. पोलीस. एसटीची कंडक्टर. तलाठी, कारण "तलाठी आपला असला तर सातबारा खोटा निघणार नाही." एकाला डॉक्टर व्हायचंय, त्यानं ते हळू आवाजात सांगितलं, चोरी केल्यासारखं. आणि एकजण म्हणाला, वनरक्षक.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. "तू नाकेदार होणार? आमच्या कोंबड्या नेणार? आज्याच्या पाठीवर काठी कुणी घातली विसरलास?" रडायची वेळ आली त्याच्यावर. तो म्हणाला, "जंगल मला माहीत हाय. दुसरा कुणी बाहेरचा येऊन बसण्यापेक्षा मी बसलो तर काय वाईट?" दुसरा म्हणाला, खाकी घातली की सगळे सारखेच होतात. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, आणि आम्ही इथं मिटल्याचं सोंग करणार नाही. आम्ही पाचातले दोघं त्याच्या बाजूनं, दोघं विरुद्ध, आणि एकजण म्हणते आधी त्याला भरती तर होऊ दे. तो रोज पहाटे धावायला जातो. ज्या बांधावरून धावतो तो त्यानंच मोजलेला हाय.

पण मोठ्यांच्या तोंडून आम्ही वेगळंच ऐकतो. "शिकली की ही पोरं जातात." "ह्यांना नोकरी पाहिजे, संघटना नको." "जमीन मिळवून काय उपयोग, कसणार कोण?" साथींनो, हे बोलणं लागतं. चार महिन्यांचा पाऊस सोडला तर ह्या जमिनीत पोट भरत नाही, हे तुम्हीच सांगता. दिवाळी झाली की अर्धा पाडा भट्टीला जातो. तुम्ही भट्टीला गेलात तर ते पोटासाठी, आणि आम्ही होस्टेलला गेलो तर ते पळून जाणं? आम्हाला दोन्ही पाहिजे. नोकरी पण पाहिजे आणि बांध पण पाहिजे. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जमीन आणि नोकरी दोन्ही हाय त्यांना कुणी विचारत नाही की एक सोड.

आता ती गोष्ट. ही सांगायची की नाही यावर आम्ही तीन दिवस भांडलो. ज्याची गोष्ट हाय तोच म्हणाला, सांगा, पण नाव आणि पाडा नको.

आमच्यातला एकजण दहावीला चांगले मार्क घेऊन गेल्या जूनमध्ये तालुक्याला अकरावी सायन्सला गेला. पाड्यात वाचणारा तोच एकटा. बाकीचे सही करतात, पण सरकारी मराठी वाचून अर्थ लावणारा तोच. पाड्यातले सगळे दावे त्यानं भरले. जाताना त्यानं एक प्लास्टिकची फाईल सोबत नेली. पुढच्या प्रवेशाला जातपडताळणी लागते, आणि तिला १९५० च्या आधीचं, आज्या-पणज्याचं काही ना काही दाखवावं लागतं. आपल्याकडं जुने कागद असतात कुठं? पणजा शाळेत गेलेला नाही, आजा गेलेला नाही. शोधून शोधून घरात एकच जुना कागद निघाला. आज्याला जंगलात नांगर घातला म्हणून झालेल्या दंडाची पावती. तिच्यावर आज्याचं नाव, गाव आणि जात लिहिलेली. पावती काही १९५० च्या आधीची नव्हती, पण ह्याला वाटलं काहीतरी तर हाय. त्यानं ती फाईलला लावली. होस्टेलच्या पेटीत ठेवली.

तीच पावती घरच्या दाव्याचा दुसरा पुरावा होती. ज्या कागदानं आज्याला चोर ठरवलं त्याच कागदानं तो तिथं कसत होता हे सिद्ध होणार होतं. कुडावर वाक्य लिहिणारा हाच. पण दाव्याला नुसता जबाब लागला आणि पावती पेटीत राहिली. त्याच्या डोक्यात पावती म्हणजे जातीचा कागद. दाव्याचाही कागद तोच, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच आलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून तो परत गेला आणि मागून घरी पत्र आलं. बापानं घेतलं, उघडलं, शिक्का बघितला. बापाला वाटलं दावा मंजूर झाला. पत्र जपून आढ्याला खोचलं आणि घर भट्टीला गेलं. होळीला पोरगा घरी आला तेव्हा बापानं मोठ्या खुशीत ते काढून हातात दिलं, वाच म्हणाला. पोरानं वाचलं. पुरावा अपुरा, दावा अमान्य. वरच्या समितीकडं दाद मागायची मुदत ६० दिवस. पत्र आल्याला तीन महिन्यांच्या वर झाले होते.

त्यानं ते बापाला कसं सांगितलं ते तो आम्हाला सांगत नाही.

नंतर पाड्यात बैठक झाली. तिथं म्हटलं गेलं, "शिकायला गेला आणि घर बुडवलं." त्याला बैठकीत बोलावलं नव्हतं, तो अंगणात उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणायला लागला की कॉलेज सोडतो. आम्ही चौघं त्याच्या होस्टेलला गेलो, रात्रभर बसलो. मग सगळ्यांनी मिळून उशिराचा अर्ज लिहिला. कायद्यात असं हाय की दावेदाराला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल करता येत नाही. आम्ही लिहिलं, की वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात पत्र देऊन त्याला संधी मिळाली असं होत नाही. मुदत त्याला पत्र कळलं त्या दिवसापासून धरा. सोबत पावती लावली. अर्ज घेतला, पोच दिली. पुढं उत्तर आलेलं नाही. लागेल की नाही, सांगता येत नाही.

चूक त्याची हाय का? हाय. आम्ही त्याच्या तोंडावर सांगितलं. पण अख्ख्या पाड्यानं एका सोळा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांवर सगळे कागद सोडले, ही कुणाची चूक? तो आजारी पडला असता तर? पोरगी असती आणि लग्न करून दुसऱ्या गावाला गेली असती तर?

पोरींचंही बोलतो. आमच्यातल्या दोघींची बोलणी सुरू झालीत. एक पंधराची, एक सोळाची. संघटनेची माणसं आहात, तुम्हाला कायदा आम्ही सांगायला नको. त्या दोघी त्यांच्या पाड्यात एकट्याच वाचणाऱ्या आहेत, एवढं तरी स्वतःच्या फायद्यासाठी बघा. आणि फॉर्म भरताना पती किंवा पत्नीच्या नावाचा रकाना तुम्ही मोकळा सोडायला लावत होता तो आम्ही पोरींनीच हट्टानं भरला. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, कायद्यातच लिहिलंय. एका काकांनी विचारलं, "तिचं नाव कशाला, ती कुठं जाते?" ती कुठं जात नाही, काका. म्हणूनच नाव पाहिजे.

आमचं मागणं फार मोठं नाही. ग्रामसभा ही प्रौढांची, अठराच्या पुढच्यांची. आम्ही हात वर करणार नाही, ते मान्य. पण वनहक्काचा विषय निघाला की आम्हाला बाहेर खेळायला पाठवू नका. बसू द्या, ऐकू द्या, आणि कागद आम्ही लिहिला असेल तर त्यावर चार शब्द बोलू द्या. ऐकलं नाही तर लिहिताना चुका होतात, त्या तुमच्याच गळ्यात पडतात.

दुसरं, प्रत्येक पाड्यात वाचणारे निदान तिघं पाहिजेत. एक आमच्या वयाचा, एक आठवीतला-सातवीतला, आणि एक मोठं माणूस, जे गावात राहतं. मोठ्या माणसांना शिकवायचं काम ह्या पावसाळ्यात आम्ही घेतो. पुस्तकानं नाही, पत्रानंच शिकवू. दावा, मान्य, अमान्य, पुरावा, मुदत, एवढे पाच शब्द ओळखता आले तरी पत्र आढ्याला जाणार नाही. भट्टीवर जाणाऱ्यांनी जाताना सांगून जायचं, की आपल्या नावाचं पत्र कुणाकडं द्यायचं.

आणि मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. ना आमच्या शिक्षणासाठी, ना कुणाच्या कशासाठी. झेरॉक्स काढायची, तीन. एक दाव्याला, एक पोराच्या फाईलला, एक संघटनेच्या पेटीत. झेरॉक्सचे पैसे कुठून, हे कुणीतरी विचारणारच. आम्ही उन्हाळ्यात करवंदं विकून काही जमवलेत. ते संपले की तुमच्याकडं येऊ.

त्या पोरानं कॉलेज सोडलेलं नाही. परीक्षा दिली. आज तो आलाय, पण पुढं बसायला तयार नाही, म्हणून मागं उभा हाय. त्याचा बाप पुढं बसलाय.

आता जेवणाची पंगत बसायला वेळ हाय. ज्यांच्या घरी गेल्या सहा महिन्यांत शिक्क्याचं कुठलंही पत्र आलंय, आणि ते सोबत आणलंय, त्यांनी त्या आंब्याखाली यावं. आम्ही पाचजण तिथं बसतोय, वही आणि तारखा घेऊन. ज्यांनी आणलेलं नाही, त्यांनी कुठं खोचून ठेवलंय ते सांगावं. पाऊस लागायच्या आत आम्ही घरी येऊन वाचतो.

जोहार.